एकसदस्यीय संगीत समिती

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाच्या आषाढातल्या सभेत मी एक वाक्य बोललो आणि त्याची शिक्षा म्हणून मला संपूर्ण श्रावण महिना गाणी ऐकावी लागली. वाक्य साधे होते. गेली पंधरा वर्षे आपल्या मांडवात तीच गाणी त्याच क्रमाने वाजतात, कुठल्या गाण्यामागून कुठले लागणार हे आता मूर्तीजवळच्या उंदरालाही पाठ झाले असेल, तेव्हा यंदा काही तरी नवे लावावे, इतकेच मी म्हणालो. लग्नाच्या पंगतीत ‘मठ्ठ्यात मीठ जरा कमी पडलंय’ असे म्हणणाऱ्याचा जेवढा हेतू असतो, तेवढाच माझा होता. त्याला कोणी पानावरून उठवून आचाऱ्याच्या जागी उभे करील अशी त्याची अपेक्षा नसते. परंतु आमच्या मंडळाचा अध्यक्ष सव्वीस वर्षांचा असून अत्यंत नम्र आहे, आणि नम्र माणसाशी वाद घालता येत नाही. “काका, तुमचं अगदी बरोबर आहे,” तो म्हणाला, “मग या वर्षी जी जी नवी गाणी येतील ती तुम्हीच ऐका आणि आम्हाला यादी द्या. तुम्हाला आता वेळ असतो.” सभेच्या इतिवृत्तात ‘संगीत समिती’ स्थापन झाल्याची नोंद झाली. सदस्यसंख्या एक.

मी एकतीस वर्षे सरकारी लेखापरीक्षणात काढली आहेत. आमच्या खात्यात दोन प्रकारची माणसे असत: दहा पावत्यांतली एक बघून दहांवर सही करणारी, आणि दहाच्या दहा बघून अकरावी कुठे आहे असे विचारणारी. मी दुसऱ्या प्रकारातला असल्यामुळे श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून पिठोरी अमावास्येपर्यंत प्रसिद्ध होणारा, माझ्या हाती लागणारा गणपतीचा प्रत्येक मराठी अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायचा असे मी ठरवले. दोनशे पानी वही आणली, तिच्यात पट्टीने रकाने आखले, शब्द, चाल, आवाज आणि वाद्ये यांना प्रत्येकी पंचवीस गुण ठेवले आणि शेवटचा रुंद रकाना शेऱ्यासाठी राखला. वहीवर हळदकुंकू वाहताना सौभाग्यवतींनी ते पाहिले. “अहो, गाणी ऐकणार आहात की छापा घालणार आहात?” एवढेच त्या बोलल्या.

पहिली अडचण ‘अल्बम’ या शब्दापाशीच आली. आमच्या पिढीसाठी अल्बम म्हणजे कॅसेट, तिच्या दोन बाजू, एका बाजूला चार नि दुसऱ्या बाजूला चार गाणी, आणि पट्टी गुंतली तर ती सोडवण्यासाठी एक षट्कोनी पेन्सिल. चौथ्या मजल्यावरची सई, जी कॉलेजात शिकते आणि या समितीची अनधिकृत तांत्रिक सल्लागार होती, तिने पहिल्याच संध्याकाळी माझा गैरसमज दूर केला. “काका, आता अल्बम म्हणजे एकच गाणं. अल्बम साँग म्हणतात. व्हिडिओ असतो त्याचा.” एक गाणे म्हणजे अल्बम कसा, हे मला पटेना. वास्तविक हा शब्दच अनेकवचनी आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून मोठी रचना पाच-सहा तबकड्यांवर वाटून ध्वनिमुद्रित करीत आणि त्या तबकड्या जाड कागदी पाकिटांच्या पुस्तकात घालून विकत. ते पुस्तक फोटोंच्या अल्बमसारखे दिसे, म्हणून तो अल्बम. पुढे १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि सगळा ऐवज एकाच तबकडीवर बसू लागला, तरी नाव राहिले. मी हे सर्व सईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे तेव्हाही तीन मिनिटांचंच गाणं होतं आणि आत्ताही तीन मिनिटांचंच आहे. मधेच काही तरी गडबड झाली होती.” या मुलीला आमच्या खात्यात घ्यायला हवे होते.

श्रावणात एकूण एक्केचाळीस अल्बम माझ्या वहीत चढले. त्यांपैकी चौतीस एकेका गाण्याचे होते, सहा दोन-तीन गाण्यांचे, आणि एक, फक्त एक, आठ गाण्यांचा होता. त्याच्याविषयी पुढे लिहितो. जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करायचे अशी रीत १० जुलै २०१५ पासून पडली आहे, परंतु आपले गणपतीचे अल्बम शुक्रवारची वाट पाहत नाहीत. ते संकष्टीला येतात, नारळी पौर्णिमेला येतात, गोकुळाष्टमीला येतात, आणि चतुर्थी जवळ आली की दिवसाला चार येतात, ज्यांत रविवारी दुपारी आलेल्या एकाने माझी वामकुक्षी मोडली.

मी गाणी फोनवरच्या एका ॲपवर फुकट ऐकत होतो, त्यामुळे दर दोन गाण्यांनंतर एक जाहिरात येई. पहिल्या दोन दिवसांत ती विम्याची होती. तिसऱ्या दिवसापासून ती गुडघेदुखीच्या तेलाची झाली. पासष्ट वर्षांचा माणूस सलग सहा तास ‘बाप्पा मोरया’वर ठेका धरून बसला आहे हे त्या ॲपला कसे कळले, आणि त्यावरून त्याने माझ्या गुडघ्यांविषयी नेमका कोणता निष्कर्ष काढला, हे मला माहीत नाही, निष्कर्ष मात्र बरोबर होता.

आता मते. सर्वप्रथम यमकाविषयी. ‘गणराया’ या शब्दाला मराठीत किती यमके जुळू शकतात, याचा हिशेब मी सातव्या अल्बमपासून वेगळ्या पानावर ठेवू लागलो. माया, छाया, काया, पाया, वाया आणि क्वचित ‘आलो मी तुला भेटाया’, एवढ्या शिल्लक मालावर आमच्या गीतकारांचा सगळा व्यवहार चालतो. एक्केचाळीसपैकी तेहतीस अल्बमांत ‘माया’ आहे. त्यांतल्या एकोणतीस गाण्यांत मायेच्या पुढच्याच ओळीत ‘छाया’ आहे. एका कवीने ‘बाया’ वापरला आहे, ‘फुगडी खेळती साऱ्या बाया’ असा, आणि त्या धाडसाबद्दल मी त्याला शब्दांच्या रकान्यात तीन गुण जादा दिले. नवव्या दिवशी रात्री मी जेवताना “भाजीत मीठ घातलंय की नाही, वाया” असे काही तरी बोललो, तेव्हा सौभाग्यवतींनी फोन उचलून फडताळात ठेवला.

दुसरे मत सुरुवातीविषयी. आमच्या लहानपणी भक्तिगीत सुरू होण्याआधी शंख वाजे, मग घंटा, मग सनई, मग कोणी तरी भारदस्त आवाजात दोन वाक्ये बोले, आणि तोवर गाणे लावून आत गेलेला माणूस आंघोळ आटोपून बाहेर येई. हल्लीची गाणी दार ठोठावत नाहीत, एकदम आत येतात. पहिल्या सेकंदाला ढोल, तिसऱ्या सेकंदाला ताशा, पाचव्या सेकंदाला मुखडा. ही घाई कशाची, असे सईला विचारले तेव्हा तिने सांगितले की, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते ‘ऐकले’ असे मोजतात, आणि तेव्हाच मोबदल्याचा हिशेब सुरू होतो. म्हणजे गायकाला तीस सेकंदांच्या आत मला दंडाला धरून बसवायचे असते. हे कळल्यावर माझा राग पुष्कळच निवळला. तीस सेकंद टिकण्यासाठी माणूस काय काय करतो ते मी खात्यात आयुष्यभर पाहिलेले आहे. साहेबांच्या केबिनमध्ये शिरणारा प्रत्येक जण पहिल्याच सेकंदाला ढोल वाजवतो.

अल्बमच्या चित्रफितींत एक मुलगा, एक मुलगी आणि एक बुलेट असते. मुलगा बुलेटवरून मूर्ती आणायला निघतो, मुलगी गच्चीवरून पाहते, दोघांची नजरानजर होते आणि गणपती मागे राहतो. अशा सोळा चित्रफिती मी पाहिल्या. सोळाव्या वेळी मूर्ती घेऊन येणारा टेम्पोवाला पडद्याच्या कडेला क्षणभर दिसला, एका हाताने मूर्तीला आधार देत आणि दुसऱ्या हाताने घाम पुसत. त्या संपूर्ण अल्बममध्ये गणपतीची काळजी असणारा तो एकटाच माणूस होता. शेरा: टेम्पोचालकास मुख्य भूमिका द्यावी.

कोकणातल्या अल्बमांविषयी माझे मत तटस्थ असू शकत नाही, हे आधीच कबूल करतो. माझे गाव संगमेश्वराकडे आहे. त्या बारा अल्बमांत मुंबईचा चाकरमानी, भरलेली गाडी, डोक्यावरून मूर्ती आणणारा काका, शेताच्या बांधावरची वाट, मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, टांगलेली कांगले नि कवंडळे ही रानफळे, आणि अंगणात पायांत चाळ बांधून चाललेला जाखडी नाच, असा सगळा ऐवज ओळीने येतो, आणि तो ओळीने येणार हे ठाऊक असूनही मी बाराही वेळा डोळे पुसले. एका गाण्यातली चाल उघडउघड दुसऱ्या गाण्यातून उचललेली होती, मृदंग संगणकाचा होता, आणि गायकाचा ‘ळ’ मुंबईत जन्मलेला होता. तरीही कडव्याच्या शेवटी आई दाराशी उभी राहून ‘किती वाळलास रे’ म्हणते, तिथे मी वहीत ऐंशी गुण लिहून मोकळा झालो. ऐंशी गुणांचे समर्थन लेखापरीक्षकाला कुठल्याही नियमाखाली करता येणार नाही. तो आकडा मी खोडला, अठ्ठावन्न केला, पुन्हा गाणे ऐकले, आणि पुन्हा ऐंशी केला. वहीतले ते पान आता खोडाखोडीने फाटले आहे.

आगरी-कोळी अल्बमांत बेंजो असतो आणि जिथे बेंजो असतो तिथे टीकाकाराचे काम संपते, कारण पाय टीका करीत नाहीत. तेल संपलेले गुडघेसुद्धा.

आणि आता त्या गाण्याविषयी, ज्याने माझ्या समितीची अब्रू घेतली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एक अल्बम आला, ज्यातल्या गायकाचा आवाज नळाच्या पाइपातून आल्यासारखा, लाटण्याने लाटल्यासारखा सपाट आणि मधूनच काच तडकल्यासारखा होता. सईने सांगितले की, हा ऑटोट्यून. त्याची माहिती काढली तेव्हा मी थक्क झालो. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या गृहस्थांनी हे तंत्र १९९७ साली बाजारात आणले, आणि त्याआधी ते तेल कंपन्यांसाठी जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून भूगर्भातले तेल शोधण्याचे गणित करीत असत. पृथ्वीच्या पोटात तेल कुठे आहे हे शोधणारे गणित माणसाच्या गळ्यात सूर कुठे आहे हे शोधू लागले. आमच्या गायकाच्या बाबतीत पुष्कळ खोल खणूनही काही लागले नव्हते, असे माझे स्पष्ट मत झाले. गाण्याचे शब्द ‘बाप्पा माझा एक नंबर, एक नंबर, एक नंबर’ एवढेच होते आणि दोन नंबर कोण याचा खुलासा शेवटपर्यंत नव्हता. मी शंभरपैकी अकरा गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला: ‘आक्षेपार्ह. ऐकणाऱ्याच्या वेळेची वसुली संबंधितांकडून करण्यात यावी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंबिवली स्टेशनबाहेर नारळ घेत होतो. नारळवाल्याने “कसा देऊ?” असे विचारले, आणि माझ्या तोंडून, ठेक्यात, काच तडकल्याच्या आवाजासकट, ‘एक नंबर, एक नंबर’ निघाले. नारळवाल्याने निवडून चांगला नारळ दिला. त्या आठवड्यात ते गाणे मी दाढी करताना म्हटले, जिना चढताना म्हटले आणि एका शोकसभेत मनातल्या मनात म्हटले. प्रामाणिकपणा म्हणून त्याची फेरतपासणी केली, तर चौथ्या श्रवणाला अडतीस गुण झाले आणि नवव्या श्रवणाला चौसष्ट. मग भीतीने मी दहाव्यांदा ऐकले नाही.

या प्रकाराने मला मोठ्या चिंतेत टाकले. गुण जर श्रवणांच्या संख्येबरोबर वाढत असतील, तर मी महिनाभर नेमके काय मोजत होतो? ज्या जुन्या गाण्यांना आपण अमर म्हणतो, ती मी स्वतः निवडून ऐकलेलीच नव्हती. समोरच्या चाळीच्या कर्ण्याने ती माझ्या परीक्षेच्या अभ्यासावर, माझ्या कावीळीवर, माझ्या मुलीच्या बारशाच्या तयारीवर, अशी तीस-चाळीस वर्षे ओतली होती. कर्णा माझे मत विचारीत नव्हता. नव्या गाण्याला मी तीन मिनिटे देतो आणि त्याने चाळीस वर्षांच्या कर्ण्याशी सामना करावा अशी अपेक्षा ठेवतो. हे निरीक्षण मी अहवालाच्या परिच्छेद नऊमध्ये घातले. तो परिच्छेद कोणी वाचलेला नाही.

आठ गाण्यांचा तो एकमेव अल्बम एका तरुण गायिकेचा होता. तिचा आवाज शिकलेला होता, तंबोरा खरा होता आणि तबलावादक श्वास घेत असल्याचे ऐकू येत होते. त्यातले एक पद हंसध्वनीत होते. गणपती आणि हंसध्वनी यांचे नाते जुने आहे. राग कर्नाटक संगीतातला, मुत्तुस्वामी दीक्षितांची गणपतीवरची विख्यात कृती याच रागातली, आणि हिंदुस्थानी गायकीत तो रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना दिले जाते. हल्ली साखरपुड्याला पेढे आणावेत तसा गणपतीला हंसध्वनी आणतात, एक्केचाळीसपैकी सात अल्बमांत तो होता, पण या मुलीने तो आणला नव्हता, गायला होता. मी चष्मा काढून ऐकत बसलो. फक्त एका जागी माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. शेवटी तिने समर्थांची आरती म्हटली होती आणि तिच्यात ‘संकष्टी पावावे’ असे न म्हणता ‘संकटी पावावे’ असे म्हटले होते. मी पाच गुण कापून लाल शाईने लिहिले: ‘पाठांतर कच्चे.’ मग नियमाप्रमाणे मूळ कागदपत्र तपासण्यासाठी देवघरातले आरत्यांचे पुस्तक काढले. तिथे ‘संकटी’ होते. दुसऱ्या पुस्तकात पाहिले, तिथेही ‘संकटी’च. देवाने संकटात पावावे, एवढे साधे मागणे. महिन्यातून एकदा, तेही चंद्रोदयानंतर पावावे असे समर्थ कशाला म्हणतील? साठ वर्षे मी घरच्या, शेजारच्या आणि दोन बदल्यांच्या गावांतल्या आरत्यांत, टाळ हातात घेऊन, सर्वांच्या वर आवाज चढवून ‘संकष्टी’ म्हणत आलो होतो. पाच गुण परत केले. गायिकेला एक्क्याण्णव मिळाले, श्रावणातले सर्वाधिक. त्या अल्बमला तोवर एकशे बारा जणांनी ऐकले होते, ज्यांत सहा वेळा मी होतो.

पिठोरी अमावास्येला मी अकरा पानी अहवाल सादर केला. प्रस्तावनेत १८९३ पासूनचा सार्वजनिक उत्सवाचा दाखला देऊन असे दाखवून दिले होते की, पूर्वीचे मेळे, म्हणजे गणपतीपुढे पदे गाणारी पथके, दर वर्षी नवी पदे रचीत आणि इंग्रज सरकारला ती ऐकण्यासाठी माणसे नेमावी लागत, तेव्हा नवे ऐकण्याचा त्रास ही आपली जुनी परंपराच आहे. परिशिष्टात यमकांचा तक्ता होता, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असल्याची आठवण होती. अध्यक्षाने अहवाल दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि उघडून शेवटचे पान पाहिले. “काका, फार मेहनत घेतलीत. यातलं नाचायला कुठलं आहे?” मी नाइलाजाने ‘एक नंबर’चे नाव सांगितले. “ते आहे आमच्याकडे,” तो म्हणाला. ते साउंडवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये आधीपासून होते, आणि त्याच्या पुढे-मागे गेल्या पंधरा वर्षांचा क्रम जसाच्या तसा होता. तो पेन ड्राइव्ह साउंडवाला कोणाला हात लावू देत नाही, असे कळले.

तथापि माझ्या श्रमांची बूज राखून मंडळाने ठराव केला की, दुपारी दोन ते चार या वेळेत संगीत समितीने निवडलेली गाणी लावण्यात यावीत, आणि गाण्यांसंबंधीच्या तक्रारी यापुढे संगीत समितीकडेच लेखी द्याव्यात. मांडवात त्या वेळी कोणी नसते. पहिल्या दिवशी मी एकटाच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मूर्तीसमोर हंसध्वनी ऐकला. भटजींनी ठेवलेल्या केळ्यांवर एक माशी होती, तीही थोडा वेळ थांबली. दुसऱ्या दिवशीही ऐकला. तिसऱ्या दिवशी तक्रारपेटीत एक चिठ्ठी सापडली: ‘ऐन झोपेच्या वेळी लावण्यात येणारे अनोळखी गाणे बंद करून नेहमीचे लावावे, म्हणजे डोळा लागतो.’ खाली सही नव्हती, परंतु वाण्याच्या याद्यांमुळे ते हस्ताक्षर माझ्या छत्तीस वर्षे परिचयाचे होते.

मी समितीची तातडीची सभा बोलावली. गणसंख्या पूर्ण होती. तक्रारीवर साधकबाधक चर्चा होऊन ‘तक्रारदाराने सदर गाणे आणखी सात वेळा ऐकावे, त्यानंतर फेरविचार करण्यात येईल’ असा शेरा मी मारला, चिठ्ठी घडी करून घरी नेली आणि चहाच्या ट्रेखाली ठेवली. संध्याकाळी चहा आला नाही.